प्रवासी बोटींचे कठडे: बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या मोटनाथ तळ्यात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची होडी उलटली. १२ मुलं आणि त्यांच्या २ शिक्षिका बुडाल्या. तेव्हापासून आपल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत कुठेही बोटीचा विषय निघाला की कठड्याबद्दल विचारणा होते. मी मकरपुऱ्यात फॅब्रिकेशनच्या तपासणीचं काम करते. वेल्ड बघणं, जाडी मोजणं, नकाशाप्रमाणे माप आहे की नाही ते पाहणं, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे शेजारपाजारचे, मंडळातले, भावकीतले सगळे हे प्रश्न माझ्याकडे आणतात. जे वारंवार आले ते इथे एकत्र लिहिले आहेत.

हरणीच्या होडीला उंच कठडा असता तर मुलं वाचली असती का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला, बहुतेक वेळा आईबापांकडून. उत्तर नाही असं आहे, आणि ते स्पष्टच सांगायला हवं. कठडा माणसाला बोटीतून पाण्यात पडू देत नाही. बोटच उलटली तर त्याचा काही उपयोग नाही, उलट आतली माणसं अडकायची भीती असते. हरणीला होडीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. मुलं गेली ती त्यामुळे.

आपल्या शहरात हे पहिल्यांदा घडलेलं नाही. १९९३ मध्ये सूरसागर तलावात नाव उलटून २२ जण गेले होते. ज्यांना तो दिवस आठवतो अशी माणसं अजून न्यायमंदिराच्या आसपास राहतात. लहान होडीची सुरक्षा माणसं मोजण्यापासून सुरू होते. कठड्याचा विचार येतो तो माणसं उभी राहतात, चालतात, फिरतात अशा डेकच्या बोटीवर: लाँच, क्रूझ, फेरी, रो-रो (गाड्याही चढवून नेणारी बोट).

मग वल्ह्याच्या किंवा पेडलच्या होडीला कठडा लावूच नये का?

लावू नये. अशा होडीत माणसानं बसूनच राहायचं असतं. कंबरेएवढा कठडा दिसला की माणूस त्याला धरून उभा राहतो, आणि उभा राहिला की वजन वर जातं. तिथे बसल्या जागी धरायला काठावर घट्ट कडी किंवा दांडी असली म्हणजे पुरे.

मोठ्या बोटीवर कठडा किती उंच असायला हवा?

एक मीटर. जहाजांच्या भारवहन मर्यादेबद्दलचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानंही तो मान्य केलेला आहे. त्यात उघड्या डेकच्या कडेला कठडा किंवा भरीव भिंत किमान एक मीटर उंच हवी असं म्हटलं आहे. जहाजाच्या रोजच्या कामात अडचण होत असेल तर कमी उंची चालते, पण त्या बदल्यात दुसरी पुरेशी व्यवस्था करून अधिकाऱ्यांना पटवून द्यावी लागते. अमेरिकेनं २०१० मध्ये मोठ्या क्रूझ जहाजांसाठी वेगळा कायदा केला, त्यात ही उंची ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर आहे.

एक मीटरच का, याचं कारण आपल्या शरीरात आहे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या जरा खाली असतो. पावणेदोन मीटर उंचीच्या पुरुषाचा तो जमिनीपासून सुमारे ९६ सेंटिमीटरवर येतो. बोट हेलकावली आणि माणूस कठड्यावर आदळला, तर कठड्याची वरची दांडी या बिंदूच्या वर असेल तेव्हा तो मागे फेकला जातो. दांडी खाली असेल तर तीच टेकू बनते आणि माणूस तिच्यावरून पलीकडे उलटतो. कठडा दोन-तीन इंचांनी कमी झाला तर काय बिघडतं असं म्हणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला मी एवढंच चित्र काढून दाखवते.

आडव्या दांड्यांमध्ये फट किती चालते? माझा नातू पाच वर्षांचा आहे.

इथे नियम नीट वाचला पाहिजे, कारण याच जागी गैरसमज होतो. त्याच १९६६ च्या करारात सगळ्यात खालच्या दांडीखाली २३० मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको आणि वरच्या दांड्यांमध्ये ३८० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं आहे. ३८० मिलिमीटर म्हणजे सव्वा फूट. मोठा माणूस त्यातून घसरून जाणार नाही. पाच वर्षांचं मूल सहज जाईल, आणि खालच्या २३० मधूनही लहान मूल सरकू शकतं. हा करार मुळात लांब पल्ल्याच्या जहाजांसाठी आणि त्यांच्यावर काम करणाऱ्या खलाशांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. २४ मीटरपेक्षा लहान नव्या जहाजांना तो लागूच होत नाही, म्हणजे आपल्या बहुतेक लाँचना नाही.

दुसरी गोष्ट, आडव्या दांड्या म्हणजे मुलांसाठी शिडी. आजी-आजोबा आवाज देईपर्यंत पोर दुसऱ्या दांडीवर पाय ठेवून उभं असतं. म्हणून जिथे सहकुटुंब लोक येतात तिथे मी उभे गज, जाळी किंवा मजबूत काच लावायला सांगते. उभ्या गजांमध्ये १०० मिलिमीटरच्या आत फट ठेवायची, म्हणजे लहान मुलाचं डोकं अडकत नाही आणि अंग बाहेर जात नाही. घरांच्या गॅलरीला आपण हेच माप मागतो. बोटीवर मागायला काय हरकत आहे?

कठडा चांगला आहे, पण त्याला लागूनच बसायला बाक आहे. चालेल ना?

चालणार नाही. मी स्वतः एका पर्यटन बोटीवर हे माप टेपनं घेतलं होतं. कठडा डेकपासून बरोबर १ मीटर, कागदावर सगळं ठीक. बाकाची बैठक ४५ सेंटिमीटरवर. मुलं बाकावर बसत नाहीत, चढून उभी राहतात आणि नदी बघतात. बाकावरून मोजला तर तो कठडा उरला ५५ सेंटिमीटर. सहा वर्षांच्या मुलाच्या बेंबीच्याही खाली. त्या दिवशी दोन मुलं तशीच उभी होती आणि त्यांचे वडील समोरून फोटो काढत होते. मी त्यांना उतरवलं, वडिलांना राग आला तरी उतरवलं.

उंची नेहमी माणूस जिथे उभा राहू शकतो तिथून मोजायची. बाक कडेला ठेवायचाच असेल तर त्याच्या मागचा कठडा तेवढा वर न्यावा, नाहीतर बाक मध्ये घ्यावा.

कठड्यानं किती जोर सहन केला पाहिजे?

अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या लहान प्रवासी बोटींच्या नियमांत हा आकडा स्पष्ट आहे, म्हणून मी तोच वापरते. कठड्यावर कुठेही, कोणत्याही दिशेनं ९१ किलोचा जोर आला तरी टिकला पाहिजे. शिवाय वरच्या दांडीवर मीटरमागे ७४ किलोचा सलग जोर आला तरी टिकला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी धरायची गरज नाही.

आता हा हिशोब इथेच करून बघू. दोन पोस्टमध्ये, म्हणजे कठड्याच्या उभ्या खांबांमध्ये, दीड मीटर अंतर धरा. एका पोस्टच्या वाट्याला ७४ गुणिले दीड, म्हणजे १११ किलो. पोस्ट एक मीटर उंच, म्हणजे बुडाशी येणारा वाकवणारा जोर सुमारे १,०९० न्यूटन-मीटर. सोसायटीच्या जिन्याला आपण ३८ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस पाइप लावतो. त्या पाइपमध्ये या जोरानं ७०० मेगापास्कलच्या (हे ताण मोजायचं एकक) वर ताण येतो. ३०४ जातीचं स्टील २०५ च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. जाडी दुप्पट, म्हणजे ३ मिलिमीटर केली तरी ताण ४०० च्या वरच राहतो. यावरून दिसेल की जिन्याचा पाइप बोटीवर चालत नाही. जिन्यात दोन माणसं टेकतात. बोटीवर आरती सुरू झाली, मगर दिसली, पुतळा दिसला की पन्नास माणसं एकदम एका बाजूला टेकतात.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय करारातल्या सुधारित नियमात पोस्ट सुमारे दीड मीटरवर हवेत आणि निदान दर तिसऱ्या पोस्टला तिरका आधार हवा, असं लिहिलं आहे. हा तिरका आधार आत पायात येतो, दिसायला बरा नाही, म्हणून मालक काढून टाकायला सांगतात. माझ्या सहीचं काम असेल तर मी तो काढू देत नाही.

पोस्ट मजबूत आहे, तरी कठडा कुठे हलतो?

बहुतेक वेळा बुडाशी. पोस्टच्या खालच्या बेस प्लेटचा वेल्ड, तिचे बोल्ट आणि त्याखालचा डेकचा पत्रा, या तिन्हींपैकी एक सैल असतो. पत्रा पातळ असेल तर बोल्ट कितीही जाड घाला, पत्राच फाटतो. डेकखालून जाड तुकडा द्यावा लागतो आणि तो वरून दिसत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी तो नसतोच. पोस्टच्या बुडाभोवती तपकिरी रेघ दिसली तर समजायचं की आत पाणी शिरलं आहे.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ना?

गंजतं. नर्मदेच्या गोड्या पाण्यात ३०४ बऱ्यापैकी टिकतं. खंभातच्या आखातात, दहेज-घोघा किंवा हजिरा-घोघा अशा खाऱ्या पाण्यात त्याला बारीक खड्डे पडतात. तिथे ३१६ जातीचं स्टील लागतं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला तोंड देतं. तरीसुद्धा बेस प्लेटखालच्या फटीत, जिथे हवा जात नाही आणि खारं पाणी साचतं, तिथे ३१६ ही खाल्लं जातं.

दुसरी चूक म्हणजे अॅल्युमिनियमच्या डेकवर स्टीलची पोस्ट थेट बोल्टनं बसवणं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले की अॅल्युमिनियम झिजायला लागतं, आणि झिजतं ते नेमकं बोल्टच्या भोवती. मध्ये नायलॉनची चकती आणि बोल्टला नळी घालायची, खर्च किरकोळ आहे. बाहेरून पॉलिश चकचकीत दिसतं, आतून पोस्ट भुसभुशीत असते, हे मी एकाहून जास्त वेळा उघडून पाहिलं आहे.

दोर किंवा साखळी लावली तर?

तारेचा दोर काही खास कारणापुरता आणि थोड्याच लांबीला मान्य आहे, आणि तो आवळून ताणायची सोय हवी. साखळी दोन पक्क्या पोस्टच्या मधल्या छोट्या जागेतच. नायलॉनची दोरी हा कठडा नव्हे.

भरीव भिंतीसारखा कठडा जास्त सुरक्षित नाही का?

मुलांसाठी आहे. पण डेकवर आलेलं पाणी बाहेर जायला वाट हवी. भिंत बंद केली आणि लाट किंवा पाऊस आत आला तर पाणी डेकवर साठतं, सगळं एका बाजूला वाहतं आणि बोट आणखी कलते. म्हणून भिंतीच्या तळाशी, डेकच्या शक्य तितक्या जवळ, पाणी जायला झरोके ठेवावेच लागतात, आणि त्या झरोक्यांना सुमारे २३० मिलिमीटर अंतरावर गज घालावे लागतात म्हणजे माणूस त्यातून जात नाही. काही बोटींवर हे झरोके पत्रा मारून बंद केलेले दिसतात, कारण पाण्याचे शिंतोडे येतात म्हणून प्रवासी तक्रार करतात. ते उघडायला लावा.

चढाउतार करायच्या दाराचं काय?

कठड्यातला सगळ्यात कच्चा भाग तो. फाटक आत उघडणारं हवं, म्हणजे कोणी टेकलं तर ते बाहेर उघडणार नाही. कडी आपोआप बसणारी हवी आणि बोट सुटण्याआधी खलाशानं हात लावून बघितली पाहिजे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो, त्यामुळे धक्का आणि बोट यांच्यातली फळी कधी सपाट, कधी उभी असते. तिथे फळीलाही दोन्ही बाजूंनी कठडा लागतो. म्हाताऱ्या माणसांचा पाय सटकतो तो डेकवर कमी, या फळीवर जास्त.

सगळे एका बाजूच्या कठड्याला गेले तर बोट खरंच उलटते?

होय. ३० सप्टेंबर २००९ ला केरळात थेकडीला दुमजली बोट उलटून ४५ जण गेले. प्राणी दिसले म्हणून वरच्या मजल्यावरचे प्रवासी एका बाजूला सरकले होते. त्याहून जुनं उदाहरण शिकागोचं. २४ जुलै १९१५ ला ईस्टलँड नावाचं जहाज धक्क्याला बांधलेलं असतानाच आडवं पडलं आणि ८४४ माणसं गेली. टायटॅनिकनंतर जीवनरक्षक होड्या वाढवण्याचा आग्रह होता, म्हणून त्या जहाजावरही काही आठवड्यांपूर्वीच वर जादा होड्या आणि तराफे चढवले होते. वरचं वजन आणखी वाढलं.

हे कठड्यालाही लागू आहे. जुन्या बोटीच्या वरच्या मजल्यावर जाड काच आणि भारी पाइप घालून देखणा कठडा केला, तर बोटीचा गुरुत्वमध्य वर जातो. असं काम करण्याआधी बोटीचा स्थैर्याचा हिशोब पुन्हा करून घ्यायलाच हवा. प्रवासी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा की माणूस ७५ किलोचा धरायचा, दाटी चौरस मीटरला चार माणसांची धरायची, आणि सगळे एका बाजूला गेले तरी जहाज १० अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. चाळीस माणसं दीड मीटर सरकली म्हणजे तीन टन वजन दीड मीटर सरकलं. लहान लाँचला एवढं फार होतं. कठडा कितीही पक्का असला तरी खलाशानं "दोन्ही बाजूंना वाटून उभे राहा" असं ओरडलंच पाहिजे, आणि आपण ऐकलंच पाहिजे.

चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमेला जाणार आहोत. तिथल्या बोटी कशा बघायच्या?

तिलकवाडा आणि रामपुरा इथे नर्मदा ओलांडताना बोटीत बसावं लागतं. पुण्या-मुंबईहून, नाशिकहून आपले कितीतरी लोक येतात, बडोद्याचे तर येतातच, आणि गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन पुढे जातात. पहाटेची रांग मोठी असते आणि प्रत्येकाला लवकर पलीकडे जायचं असतं. तिथे कठड्यापेक्षा तीन गोष्टी बघा: बोटीवर लिहिलेली क्षमता, आत बसलेली माणसं, अंगावरचं लाइफ जॅकेट. जॅकेट हातात घेऊन बसायचं नाही, बंद लावून बसायचं. नऊवारी किंवा धोतर असेल तर जॅकेट त्यावरून घट्ट. माणसं जास्त वाटली तर उतरा आणि पुढच्या बोटीनं जा. परिक्रमा अर्ध्या तासानं पूर्ण झाली तरी पूर्णच होते. चांदोदला संगमावर पितृकार्यासाठी जाता तेव्हाही हेच.

आपल्याकडे कायदा कोणता आहे?

नदी, तलाव, खाडी यांसाठी अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१. त्यानं १९१७ चा जुना कायदा बदलला. बोटीची नोंदणी, तपासणी आणि तपासणीचं प्रमाणपत्र त्यात येतं. यंत्राशिवाय चालणाऱ्या बोटींसाठीही वेगळं प्रकरण आहे, जे जुन्या कायद्यात नव्हतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१७ मध्ये बोट सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. समुद्रातली जहाजं नौवहन महासंचालनालयाकडे. कागद बघायला मागण्याचा संकोच करू नका. ज्याच्याकडे तपासणीचं प्रमाणपत्र आहे तो ते आनंदानं दाखवतो.

बोटीवर चढल्यावर मी स्वतः काय बघू शकतो? मला इंजिनिअरिंग कळत नाही.

कळायची गरज नाही. वरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरा, आपल्याकडे आणि बाहेर दोन-तीनदा हलवा. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच. पोस्ट बुडाशी हलली तर त्या बाजूला उभं राहायचं नाही. कंबरेवर हात ठेवून बघा, दांडी हाताच्या वर आहे ना. खालच्या फटीतून तुमची मूठ सहज जाते का, की मुलाचं डोकं जाईल, ते बघा. फाटकाची कडी बघा. जिन्याला दोन्ही बाजूंनी धरायला दांडी आहे का ते बघा. याला एक मिनिटही लागत नाही, आणि मी हे दर वेळी करते, एकता नगरच्या क्रूझवरही केलं.

कोणी कठड्यावरून पाण्यात पडलं तर?

मोठ्यानं ओरडा, आणि पडलेल्या माणसाकडे बोट दाखवत राहा, नजर हलवू नका. पाण्यात डोकं नारळाएवढं दिसतं आणि चार सेकंदांत हरवतं. दुसऱ्यानं लाइफबॉय (तरंगणारी गोल रिंग) फेकावी. ती नसेल तर तरंगणारं काहीही: रिकामा कॅन, बर्फाची पेटी. इंजिन न्यूट्रल करायला सांगा, पंखा माणसाजवळ फिरता कामा नये. मागोमाग उडी मारू नका. नर्मदेवर धरणातून पाणी सोडलेलं असेल तर प्रवाह पोहणाऱ्यालाही घेऊन जातो.

कठडा तुटलेला दिसला. कोणाला सांगू?

आधी बोटीच्या तांडेलाला, लगेच, तिथेच. मग फोटो काढा: तुटका भाग जवळून, आणि बोटीचं नाव-नंबर दिसेल असा एक लांबून. तारीख-वेळ लिहा. तलाव असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, नदी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात, बंदर असेल तर गुजरात मेरीटाइम बोर्डाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं राहत नाही. मी एका बोटीबद्दल दोनदा तोंडी सांगितलं, काहीच झालं नाही. तिसऱ्यांदा फोटो आणि मापांसह एक पान लिहून दिलं, तेव्हा दहा दिवसांनी त्या पोस्टच्या बुडाशी नवा वेल्ड आणि खाली जाड पत्रा दिसला. मी तो हलवून बघितला. हलला नाही.